पंचवीस तारखेचा ब्रेक

१२ मार्च, बुधवार

ही डायरी वंगणाच्या ग्रीसच्या विक्रेत्याने दिलेली. दर वर्षी देतो आणि दर वर्षी ती कोरीच रद्दीत जाते. प्रत्येक पानाच्या तळाशी एका बेअरिंगचं चित्र आहे आणि खाली 'घर्षण टाळा' असा उपदेश. यंदा मात्र मी लिहिणार आहे. काल जे घडलं ते एका तटस्थ माणसाने कुठेतरी लिहून ठेवायला हवं, आणि एवढ्या तातडीने माझ्याशिवाय दुसरा तटस्थ माणूस मला मिळाला नाही.

काल सकाळी दहाच्या सुमारास आमच्या देखभालीतल्या एका पाच मजली इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि तिथे राहणाऱ्या शिंपीणबाई बाहेर पाऊल टाकत असतानाच लिफ्ट दीड फूट खाली घसरली. बाई उंबऱ्यावर आपटल्या. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ब्रेकच्या ड्रमवर तेल उतरलं होतं. गिअरबॉक्स गळत होता.

त्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आहे. सव्वीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतोय. माझ्या हाताखाली जो आहे त्याला सगळे पक्कड म्हणतात, कारण एखादी गोष्ट त्याने धरली की सोडत नाही. वय अडतीस, बोलणं कमी. काल कंपनीतून गच्चीवरच्या मशीनरूमची चावी त्याने घेतली, वहीत सहीही त्याचीच. इमारतीखाली पोचल्यावर मी ती त्याच्या हातून घेतली आणि एकटाच वर गेलो. तो बाईंना उचलायला थांबला.

वर गेल्यावर पहिली गोष्ट मी ही केली की भिंतीवरचं तपासणीचं कार्ड काढून खिशात घातलं. हरवू नये म्हणून.

आता कार्डाबद्दल. दर महिन्याला आम्ही अठरा बाबी तपासायच्या, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण करायची, तारीख घालायची, सही करायची. हे पुस्तकात. प्रत्यक्षात तिमाहीच्या सुरुवातीला चहा पिता पिता तीन महिन्यांच्या खुणा एकदम करून टाकायच्या. सगळेच करतात. जो करत नाही त्याला लोक हसतात, पक्कडला हसतात. त्यामुळे या कार्डावर २५ मार्च ही तारीख आहे, पुढे 'ब्रेक: ठीक' आहे आणि खाली माझी सही आहे. आज बारा तारीख.

कार्ड या डायरीच्या मागच्या कव्हरच्या खोबणीत ठेवलंय.

१४ मार्च, शुक्रवार

आज माझ्या आयुष्याला वळण मिळालं, तेही जिन्यात.

लिफ्टला सरकारी सील लागलंय. पंचनामा करणाऱ्या पथकाला जागा दाखवायला मी गेलो होतो. खाली पाचव्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक भेटले. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता दोन पिशव्या बटाटे घेऊन चौऱ्यांशी पायऱ्यांकडे बघत उभे होते. मी पिशव्या घेतल्या. माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाले, "फार मनाला लावून घेऊ नका. जे झालं ते होणारच होतं."

मी म्हटलं, नशीब म्हणता का?

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नशीब हा अडाण्यांचा शब्द, म्हणाले. खरा शब्द नियतिवाद. पहिल्या मजल्यावर त्यांनी सांगितलं की प्रत्येक घटनेला कारण असतं. दुसऱ्यावर, त्या कारणालाही कारण असतं, असं थेट विश्वाच्या सुरुवातीपर्यंत. तिसऱ्यावर, आपला मेंदूसुद्धा पदार्थच, त्यालाही हेच नियम. चौथ्यावर त्यांना दम लागला. तिथला मुद्दा त्यांनी नुसता बोटाने दाखवला आणि मला तो पटला. पाचव्यावर दाराला टेकून म्हणाले, "म्हणजे माणूस जे करतो त्याहून वेगळं तो करूच शकला नसता. इच्छास्वातंत्र्य हा भास आहे."

मी बटाटे खाली ठेवले. तीन दिवस मनावर जे ओझं होतं ते तिथेच उतरलं. सव्वीस वर्षं मी लिफ्टच्या तारा बघतोय, पण मलाही वरून तारा आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि ते कार्ड! लोक म्हणतील की मी खोटं लिहिलं. खरं तर भविष्य आधीच ठरलेलं असतं हे मी जानेवारीतच ओळखलं होतं. तपशिलात थोडी चूक झाली, एवढंच.

१५ मार्च, शनिवार

सकाळी चहाच्या वेळी हिला नियतिवाद समजावला. ही दवाखान्यात टोकनच्या खिडकीवर बसते, दिवसाला तीनशे माणसांना नंबर देते, त्यामुळे तिचं ऐकून घेण्याचं कसब चांगलं आहे. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे आजची भांडी कोण घासणार हेही ठरलेलंच आहे?"

मी म्हटलं, अर्थात. विश्वाच्या सुरुवातीपासून.

"बरं," म्हणाली आणि चपला घालून दवाखान्यात गेली. भांडी मी घासली. सिद्धांताला बाधा येत नाही.

दुपारी घरी आलो तर इस्त्री करताना तिने माझ्या निळ्या शर्टाची बाही जाळलेली. मी भयंकर चिडलो. लक्ष कुठे असतं, जरा सांभाळून करायला काय होतं, असं बरंच बोललो. ही शांतपणे म्हणाली, "वेगळं काही करूच शकले नसते मी."

हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. तत्त्वज्ञानाचा असा दुरुपयोग मला पटत नाही.

१७ मार्च, सोमवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कार्ड गायब आहे हे पथकाच्या ध्यानात आलंय. भिंतीवर फक्त खिळा आहे. साहेब म्हणाले, चावी पक्कडच्या नावावर गेलीय, म्हणजे वर तोच गेला असणार. त्याला विचारलं तर म्हणतो मी कार्डाला हात लावला नाही. चावी कोणाकडे होती विचारलं तर खाली मान घालून गप्प.

"तुम्हाला काय वाटतं?" साहेबांनी मला विचारलं.

मी गप्प बसलो. अर्थात 'मी गप्प बसलो' हे बोलायची पद्धत झाली. काटेकोर भाषेत, माझ्या ठिकाणी एक गप्प बसणं घडलं. माझे वडील भित्रे होते, शाळेतले मास्तर छडी मारत, साहेबांच्या केबिनमध्ये पंखा फार जोरात असतो. एवढी सगळी कारणं एकत्र आल्यावर कोणाच्या तोंडातून शब्द फुटणार? साहेबांनी माझ्या गप्प बसण्याचा त्यांना हवा तो अर्थ काढला. तोही त्यांच्या हातात नव्हताच.

मात्र एक गोष्ट लिहून ठेवतो. पक्कडवर ठपका आला तर त्याचं लायसन्स जाईल. लायसन्स गेलं की या धंद्यात कोणी दारात उभं करत नाही. त्याच्या घरात दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. मला वाईट वाटलं. वाईट वाटणंही ठरलेलंच असतं, त्यामुळे ते येतं आणि जातं.

१९ मार्च, बुधवार

मुद्दाम प्राध्यापकांकडे गेलो. नियतिवाद नीट पक्का करून घ्यावा म्हटलं. आज त्यांनी सुरुवातच वाईट केली. म्हणाले, याला दुसरी बाजूही आहे. काही विचारवंत म्हणतात की कारणांची साखळी मान्य केली तरी जबाबदारी सुटत नाही. माणसाला कोणी ढकललं नसेल, धमकावलं नसेल, त्याच्याच विचारातून, त्याच्याच स्वभावातून कृती आली असेल, तर ती त्याचीच. मला ही माणसं चमत्कारिक वाटली. साखळीही हवी आणि गुन्हेगारही हवा, म्हणजे दोन्ही ताटांत जेवायचं. मी विषय बदलला आणि विचारलं, मग सर, या लिफ्टच्या अपघातात दोष कोणाचा?

प्राध्यापक खुर्चीतून उठलेच. "ज्याने तो ब्रेक तपासला नाही त्याला तुरुंगात घालायला हवं," म्हणाले. त्यांनी चार पानी तक्रार केलीय, प्रत वर्तमानपत्राला पाठवलीय. कागद मला वाचून दाखवला. 'अक्षम्य', 'निर्लज्ज' आणि 'नराधम' हे शब्द होते.

मी चाचरत म्हटलं, पण सर, तुम्हीच म्हणालात की वेगळं करूच शकला नसता...

"ते तत्त्वज्ञान," ते म्हणाले. "हे माझे गुडघे आहेत."

निघताना त्यांनी कचऱ्याची पिशवी खाली न्यायला दिली. मोठ्या विद्वानांनाही स्वतःचा सिद्धांत पेलत नाही, हे पाहून खेद झाला. मला तो जास्त चांगला जमतोय असं दिसतं.

२१ मार्च, शुक्रवार

शिंपीणबाईंना भेटायला इस्पितळात गेलो. कंपनीच्या वतीने कोणीतरी जायचं होतं आणि साहेबांना खोकला झाला.

बाईंचा पाय दोरीने वर टांगलेला. उशाशी अर्धवट काज केलेला एक कोट, पडल्या पडल्या त्या बटणं लावत होत्या. मला वाटलं होतं शिव्या देतील. त्या स्वतःलाच दोष देत होत्या. "पांढरा दोरा संपला म्हणून खाली गेले. काळ्या दोऱ्याचं काम आधी केलं असतं तर गेलेच नसते. माझंच चुकलं."

मला राहवलं नाही. मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, "बाई, तुमचं काही चुकलं नाही. हे सगळं आधीच ठरलेलं होतं."

त्यांनी सुई थांबवली. "कोणी ठरवलेलं?"

मी म्हटलं, कोणी असं नाही, कारणांनी.

"कारणांनी म्हणजे कोणी?" बाईंना तत्त्वज्ञानाची सवय नाही. त्यांना प्रत्येक गोष्टीमागे माणूस लागतो. मी उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली, बसलो.

मग त्यांनीच सांगितलं की पक्कड रोज येतो. गरम पाण्याचा थर्मास भरून आणतो, पेला विसळून ठेवतो, मशीनवर राहिलेलं काम गिऱ्हाइकांना पोचवतो. पहिल्या दिवशी त्याने हात जोडून माफी मागितली. "कशाची, ते काही बोलला नाही," बाई म्हणाल्या. "म्हणाला, मी जास्त जोर लावायला हवा होता."

हे मी वाटेत फार विचारपूर्वक तपासलं. निरपराध माणूस माफी कशाला मागेल? मी तर एकदाही मागितलेली नाही. साहेबांचा संशय अगदीच निराधार नसावा.

२३ मार्च, रविवार

आज डायरी उघडली तर कार्डावर प्लॅस्टिकचं कव्हर. कडेने व्यवस्थित टेप लावलेली. मीच घातलं असणार, आठवत नाही. ताणामुळे माणूस अशा गोष्टी नकळत करतो. म्हणजे पुन्हा तेच, आपण करतो कुठे, होतं.

जेवताना ही उगाचच म्हणाली, "महत्त्वाचे कागद कव्हरमध्ये ठेवावेत. ओल धरत नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. योगायोगाने आमचे विचार बऱ्याचदा जुळतात.

पुढे म्हणाली, "पक्कडची बायको आली होती खिडकीवर. वडिलांसाठी टोकन घ्यायला." मी म्हटलं, हं. "काही बोलली नाही," ही म्हणाली. "नुसती नंबर घेऊन बसून राहिली. नंबर पुकारला तरी उठली नाही. तीनदा पुकारायला लागला." मी भाजी वाढून घेतली.

२५ मार्च, मंगळवार

आज पंचवीस. कार्डाप्रमाणे आज मी त्या इमारतीत गेलो, मशीनरूममध्ये चढलो, ब्रेक तपासला आणि तो ठीक निघाला.

प्रत्यक्षात मी खरंच गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. लिफ्टच्या सील लागलेल्या दारासमोर दहा मिनिटं उभा राहिलो. बंद दाराच्या काचेच्या पट्टीतून आत काळोख दिसत होता. पाचव्या मजल्यावरचे प्राध्यापक काठी आपटत खाली आले, माझ्याकडे न बघता गेले.

घरी येऊन कार्ड पुन्हा पाहिलं. दोन सह्यांच्या जागा असतात, एक माझी, एक मदतनिसाची. मार्चच्या रकान्यात माझी आहे, त्याची नाही. पक्कड आगाऊ सही करत नाही. आणि फेब्रुवारीच्या रकान्यात त्याच्या सहीखाली त्याने पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलंय, 'तेल गळती? वर पाहणे.'

हे मला आधी दिसलं नव्हतं असं लिहिणार होतो. दिसलं होतं. अकरा तारखेलाच दिसलं होतं, खिशात घालतानाच. फेब्रुवारीत पक्कड मला म्हणालाही होता, "भाऊ, खालच्या जाळीवर तेलाचे थेंब आहेत. वर जाऊन बघू का?" त्या दिवशी अजून तीन इमारती करायच्या होत्या. मी म्हटलं होतं, पुढच्या खेपेला बघू.

म्हणजे हे कार्ड पुढे आलं तर पक्कड सुटतो. आणि मी अडकतो. एवढी साधी रचना आहे. नियतिवाद एवढ्या साध्या रचनेबद्दल काही बोलत नाही, तो थेट विश्वाच्या सुरुवातीला जातो.

२७ मार्च, गुरुवार

आज सुनावणी झाली. मी एक प्रयोग करायचं ठरवलं होतं. ठरवलं नव्हतं, प्रयोग व्हायचा होता. प्रयोग असा की काय बोलायचं ते अजिबात ठरवायचं नाही. कार्ड आतल्या खिशात ठेवायचं, खुर्चीवर बसायचं, आणि तोंडातून काय बाहेर पडतं ते बाहेरच्या माणसासारखं ऐकायचं.

चौकशीच्या बाई बारीक अंगाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. समोर मी आणि पक्कड, मध्ये एक रिकामी खुर्ची. बाईंनी मला विचारलं, "तपासणीचं कार्ड कुठे आहे?"

मी कुतूहलाने वाट पाहिली. तोंड म्हणालं, "माहीत नाही."

खरं सांगायचं तर मला थोडं आश्चर्य वाटलं. थोडंच.

मग त्यांनी पक्कडला विचारलं, चावी तुमच्याकडे होती ना? पक्कडने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर काम करणाऱ्या माणसाकडे खालचा माणूस बघतो तसं, हात सुटत नाही ना, एवढंच बघायला. मी समोरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. तो म्हणाला, "चावीची सही माझी आहे." बाईंनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? तो म्हणाला, "आज नाही."

त्याचं लायसन्स तिथेच जमा करून घेतलं. निकाल चार एप्रिलला. बाहेर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुम्ही अनुभवी माणूस आहात. हा हात मला संध्याकाळपर्यंत जाणवत राहिला.

२९ मार्च, शनिवार

दुपारी पक्कड घरी आला. माझा टेस्टर त्याच्या पेटीत राहिला होता, तो परत द्यायला. आता मला लागणार नाही, म्हणाला. हिने त्याला चहा दिला आणि स्वतः ओट्याशी पाठ करून उभी राहिली. एरवी ती अशा वेळी आतल्या खोलीत जाते.

चहा संपल्यावर तो म्हणाला, "भाऊ, मी पाहिलं होतं. तुम्ही खाली उतरलात तेव्हा कार्डाचा कोपरा खिशातून दिसत होता. पिवळा."

मी विचारलं, "मग सुनावणीत बोलला का नाहीस?"

"तुमच्यासाठी थांबलो. वाटलं, स्वतः सांगाल. मी सांगितलं असतं तर तुम्ही चोर ठरला असता. तुम्ही सांगितलंत तर नुसती चूक ठरते."

मी त्याला समजवायला लागलो. पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक घटनेला कारण असतं, मेंदूही पदार्थ, आपण जे करतो त्याहून वेगळं करू शकत नाही. त्याने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. त्याला एखाद्याचं बोलणं तोडता येत नाही.

"असेलही," तो म्हणाला. "तुम्ही जास्त वाचलंय. पण हे अठरा दिवस मी थांबलो ते मी थांबलोय. रोज सकाळी उठून ठरवायला लागत होतं. ते मी दुसऱ्या कोणाच्या नावावर घालणार नाही." मग पेला उचलून मोरीत ठेवला, हिला येतो म्हणाला आणि गेला.

मला त्याचा राग आला. बोलला असता तर सगळं परस्पर मिटलं असतं. मी नाकारलं असतं, भांडलो असतो, हरलो असतो, आणि हे सगळं माझ्या हातात न येता पार पडलं असतं. त्याने मुद्दाम ते माझ्या हातात ठेवलं. गरीब दिसणारी माणसं फार पोचलेली असतात.

ही ओट्याशी तशीच उभी होती. मी म्हटलं, ऐकलंस? ती म्हणाली, "मी काय ऐकायचंय? कव्हर मीच घातलं ना."

३० मार्च, रविवार

चौकशीचं कार्यालय रविवारी बंद असतं. म्हणजे आज जाणं शक्यच नव्हतं. फार दिवसांनी दुपारी शांत झोप लागली.

३१ मार्च, सोमवार

गेलो नाही. कारणं: निळा शर्ट जळका आहे, तपकिरी धुण्यात आहे. बस भरलेली आली. दुसरीही भरलेली आली. तिसरी रिकामी आली, पण तोवर साडेअकरा झाले होते आणि मोठ्या कामाला साडेअकरा ही वेळ चांगली नाही.

घरी परतलो तेव्हा तपकिरी शर्ट धुऊन, वाळवून, इस्त्री करून दाराच्या मागे अडकवलेला होता. हिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. गेले दोन दिवस ती माझ्याशी टोकनच्या खिडकीवर बोलते तसं बोलते. पुढे सरका, जेवण झालंय, पुढे सरका. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी भांडली नाही असा आठवडा आठवत नाही. आता भांडत नाही आणि मला घरात बसवत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

तपकिरी शर्ट घातला. बसमध्ये जागा मिळाली.

चौकशीच्या बाईंसमोर कार्ड ठेवलं. त्यांनी कव्हरमधून ते नीट वाचलं, दोन्ही बाजूंनी. पंचवीस मार्चवर बोट ठेवून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग एक छापील जबाबाचा कागद पुढे केला. मी लिहिलं. चावी मी घेतली, कार्ड मी काढलं, खुणा जानेवारीत केल्या, फेब्रुवारीत त्याने सांगूनही मी वर गेलो नाही. एक पान पुरलं. एवढ्या दिवसांत या डायरीची किती पानं गेली ते बघता कमीच म्हणायचं.

कागदाच्या शेवटी आधीच छापलेली एक ओळ होती: 'वरील जबाब मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय देत आहे.' खाली सहीची जागा.

मी म्हटलं, बाई, ही ओळ खोडता येईल का?

"का? कोणी दबाव आणलाय?"

मी म्हटलं, कोणी एकाने असं नाही. पण तात्त्विकदृष्ट्या पाहिलं तर बायको आहे, शर्ट आहे, पक्कड आहे, झालंच तर विश्वाची सुरुवात आहे. माणूस स्वखुशीने असं काही करतच नाही. मी खोट्यावर सही कशी करू?

बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. मला वाटलं, चर्चेत रस आला असावा. "हे बघा," त्या म्हणाल्या, "ही ओळ नसेल तर हा जबाब होत नाही. मी तो घेऊ शकत नाही, कार्डही तुम्ही कुठून आणलं ते नोंदवता येत नाही. मग चार तारखेला निकाल जसा आहे तसा लागेल. तुम्हाला खरंच कोणी भाग पाडत असेल तर त्याचं नाव लिहा. नसेल तर सही करा. ते पटत नसेल तर कागद घेऊन घरी जा. बाहेर बाक आहे, चार वाजेपर्यंत मी आहे."

बाकावर दीड तास बसलो. नावं आठवून पाहिली. वडिलांचं लिहावंसं वाटलं, पण त्यांनी मला कार्ड लपवायलाही सांगितलं नव्हतं आणि द्यायलाही. छडीवाले मास्तर, प्राध्यापक, साहेब, गिअरबॉक्समधलं तेल अडवणारं सील बनवणारा कारखाना. एकेक नाव त्या ओळीसमोर धरून पाहिलं आणि प्रत्येक वेळी मलाच लाज वाटली. हिने शर्ट अडकवला होता, पण हात मी घातले. पक्कड थांबला होता, पण तो कालही थांबलाच होता आणि काल मी तीन बसेस सोडल्या. बाकासमोर दोन जिने होते, एक आत जाणारा, एक रस्त्यावर उतरणारा. दोन्ही मोकळे होते. कोणी अडवत नव्हतं, हीच मोठी अडचण होती.

पावणेचारला आत जाऊन सही केली. पेनसुद्धा माझंच होतं.

मी विचारलं, आता माझं काय होणार?

"ते आता तुमच्या हातात नाही," बाई म्हणाल्या. किती दिवस मी हेच वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकायला धडपडत होतो. ऐकलं आणि मुळीच बरं वाटलं नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं होतं, काहीतरी बोलेल. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "भांडी पडलीत." मी घासायला लागलो. थोड्या वेळाने ती शेजारी येऊन उभी राहिली आणि घासलेली पुसून ठेवायला लागली. मग दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरबद्दल, माझ्या आईच्या जुन्या स्वभावाबद्दल आणि जळक्या शर्टाबद्दल ती माझ्याशी अर्धा तास भांडली.

४ एप्रिल, शुक्रवार

निकाल लागला. पक्कडचं लायसन्स परत मिळालं. माझं रद्द झालं आणि प्रकरण पुढे न्यायालयात जाणार आहे. शिंपीणबाईंना कळवायला पक्कड इस्पितळात गेलाय. मला म्हणाला, तुम्ही स्वतः या, मी वर्दी देऊन ठेवतो. आभारबिभार मानले नाहीत. मला ते थोडं लागलं, खोटं कशाला लिहू.

दुपारी पेटी जमा करायला कंपनीत गेलो. साहेब लालबुंद झाले होते. आगाऊ खुणांची बाब आता सगळ्या कार्डांना लागणार, चाळीस इमारती पुन्हा तपासाव्या लागणार, वरून विचारणा येणार. त्यांनी दार लावून घेतलं.

"सगळं मिटलं होतं," ते म्हणाले. "तुमच्यावर कोणाचा संशय नव्हता, कोणी तुम्हाला विचारत नव्हतं. मग हे करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

पंखा जोरात होता. सवयीने मी कारणं गोळा करायला लागलो. बरीच होती, आणि सगळी खरी होती. साहेब उत्तराची वाट पाहत होते.

मी म्हटलं, "कोणी नाही, साहेब."

या सगळ्या दिवसांत मला पहिल्यांदाच भीती वाटली.